जगनच्या पोटातलं अस्तर

…नाही, पण मी काय म्हणतो, उंदराला बदाम चारायचं अडलं होतं कुणाचं? आधी त्याला दारू पाजायची, मग बदाम चारायचे, मग त्याचं पोट उघडून बघायचं की आतलं काय टिकलं आणि काय गेलं… आणि हे करणाऱ्याला पगार मिळतो! बरं, केलं तर केलं, गप्प बसावं की नाही? नाही. ते छापायचं. छापलेलं कुणीतरी मोबाईलवर टाकायचं, वर एक लाल गुलाब, खाली जोडलेले दोन हात, आणि फिरत फिरत ते यावं कुठं? तर पेणजवळच्या आमच्या जोह्यात! आणि जोह्यात तरी कुणाच्या मोबाईलवर? जगनच्या! अख्ख्या रायगड जिल्ह्यात ज्या एका माणसानं ते वाचायला नको होतं, नेमकं त्याच्याच हातात! कुठल्यातरी उंदरानं कुठंतरी बदाम खाल्ले, आणि इकडे संध्याच्या जिवाला घोर लागला.

संध्या म्हणजे जगनची बायको. आणि जगन म्हणजे आमच्याकडचा आखणीवाला. आता तुम्ही म्हणाल आखणी म्हणजे काय, तर गणपतीचे डोळे काढणं. अहो, तुम्ही गणपतीला कितीही रंग द्या, पितांबर द्या, मुकुटाला सोनेरी द्या, डोळे काढेपर्यंत तो तुमच्याकडे बघत नाही. नुसता बसलेला असतो, सरकारी कचेरीतल्यासारखा. मग जगन समोर मांडी घालतो, श्वास धरतो, आणि बारक्या ब्रशानं अशी एक रेघ ओढतो की मूर्ती एकदम बघायलाच लागते. मुंबईची गिऱ्हाइकं येऊन सांगतात, डोळे जगनकडूनच पाहिजेत. मोठा हात आहे माणसाचा. पण त्याच हातानं बाटलीचं बूच पण उघडता येतं ना… तिथं सगळा घोटाळा.

आमच्या कारखानेवाल्यांचं तुम्हाला सांगतो, जगाचा गणेशोत्सव दहा दिवस, आमचा तेव्हा संपलेला असतो. वर्षभर प्लास्टर, काथ्या, पॉलिशपेपर, रंग, आणि शेवटचा गणपती टेम्पोत चढला की कारखाना असा रिकामा होतो की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. मग माणसं बसतात. कोण चार दिवस बसतं, कोण आठ. जगन मागच्या साली विसर्जन उलटून गेलं तरी बसलाच होता. आणि एका सकाळी त्याच्या पोटात जे काही सुरू झालं… माणूस दुमडला, अक्षरशः घडी झाली त्याची! सरळ होईना, बोलता येईना, नुसता ‘आई आई’. गाडी कुठली मिळणार? मग ज्या टेम्पोतून गणपती जातात त्यातच पेंढा होता, त्याच्यावर आडवा घातला आणि निघाले रामवाडीच्या दवाखान्यात. आणि ड्रायव्हरची सवय बघा, मागं पेंढा म्हणजे मूर्ती, असं त्याचं डोकं, म्हणून तो बाबा प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारतोय, हळूच उतरवतोय, हळूच चढवतोय, आणि संध्या मागून ओरडतेय, अरे फुटला तरी चालेल पण लवकर ने!

डॉक्टरांनी बघितलं, तपासण्या केल्या, आठवडाभर ठेवून घेतलं, आणि सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे.

आता मला सांगा, आपल्याला लिव्हर माहीत. दारू पिणाऱ्या प्रत्येक माणसाला लिव्हर माहीत असतं, घरच्या माणसासारखं तो त्याची चौकशी करतो. किडनी माहीत. पण स्वादुपिंड? हे कुठनं आलं? नावात स्वाद, आणि दिवसभर सलाईन! जगननं तर डॉक्टरांना विचारलं म्हणे की हे आमच्याकडे पण असतं का. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी संध्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की वाचला, पण आता एक थेंबसुद्धा नाही, सणाला नाही, लग्नाला नाही, औषध म्हणून नाही. पुन्हा अशी सूज आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. अठरा वर्षांचा संसार, आणि तिला पहिल्यांदा कुणीतरी सरळ शब्दांत सांगितलं होतं की नवरा जाऊ शकतो.

आणि खोटं कशाला बोला, जगन न पिता राहिला! आठ-नऊ महिने राहिला! सुरुवातीला हात थरथरायचा, पहिल्या दहा-बारा मूर्तींचे डोळे असे निघाले की सगळे गणपती कुणावर तरी संशय घेतल्यासारखे बघत होते. मग हात बसला. चेहऱ्यावर तेज आलं. संध्या कुणाला बोलून दाखवायची नाही, पण तिचं चालणंच बदललं होतं.

आणि मग ज्येष्ठात आला तो उंदीर.

मेसेजमध्ये काय होतं? की शास्त्रज्ञांना म्हणे असं आढळलंय, बदाम, अक्रोड, शेंगदाणे असले कठीण कवचाचे दाणे खाल्ले की दारूपासून स्वादुपिंडाचं संरक्षण होऊ शकतं. ‘होऊ शकतं’! आता ह्या ‘शकतं’वर जगननं बोट ठेवावं की नाही? पण पिणाऱ्या माणसाला असला शब्द दिसतच नाही हो. त्याला दिसलं दारू, त्याला दिसलं संरक्षण. आणि प्रयोग उंदरावर! आता जगन म्हणजे वर्षाला पाचशे-सहाशे उंदीर रंगवणारा माणूस, प्रत्येक गणपतीच्या पायाशी एक. उंदरावर त्याचा जेवढा विश्वास तेवढा डॉक्टरवर कसा असणार? तो म्हणाला, उंदराला चाललं ना, मग.

पण ऐका, खरी गंमत पुढे आहे. साधा माणूस काय करील? एका हातात ग्लास, एका हातात शेंगदाणे. झालं. जगन कारागीर! त्यानं विचार केला तो कारखान्याच्या हिशेबानं. साच्यात प्लास्टर ओतायच्या आधी आपण काय करतो? आतून साबण-तेलाचा हात मारतो. का? तर माल साच्याला चिकटू नये. ते अस्तर नीट बसलं की मूर्ती अलगद सुटते आणि साच्याला ओरखडा नाही. मग स्वादुपिंड म्हणजे काय? साचा. बदाम म्हणजे काय? तेल. आधी महिना-दीड महिना बदाम खाऊन आतून तेलाचं अस्तर बसवायचं, हातावर हात द्यायचे, पक्कं सुकू द्यायचं, आणि मग वरून काय ओताल ते ओता, चिकटणारच नाही! तुम्हाला सांगतो, एवढा विचार ज्याला सुचतो त्याला डॉक्टरनं काय समजवावं? आणि मुहूर्त काय काढला, तर गटारी! श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, शेजारच्या कारखान्याचा बाबाजी दरवर्षी खाडीच्या बांधावर मटण लावतो, तिथं.

म्हणजे त्या मेल्या उंदरानं बदाम खाल्ले, आणि इकडे गटारीची तारीख ठरली.

संध्याला ह्यातलं काही माहीत नाही. तिला काय दिसलं? नवरा आपण होऊन बदाम मागतोय. अक्रोड मागतोय. कासूच्या बाजूला ठमाबाई म्हणून एक बाई काजू भाजून विकते, तिच्याकडून काजू आणतोय. बाईला वाटलं, सुधारला! तब्येतीचं कळायला लागलं! ती बिचारी रोज संध्याकाळी वाटीत बदाम भिजत घालायची, सकाळी एकेकाचं साल काढून, पांढरे स्वच्छ करून, त्याच्या पुढ्यात ठेवायची. आणि हा डोळे मिटून एक एक चावायचा, पूजेला बसल्यासारखा. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस गो. आणि हीही म्हणायची, व्हय.

आता ह्याला एक शंका आली. कुठला दाणा जास्त चांगला? मेसेजमध्ये सविस्तर नव्हतं, खाली इंग्रजीत कसलीतरी लिंक होती. इंग्रजी वाचणारं खात्रीचं माणूस कोण? तर रोह्याचे एझ्राकाका. एझ्राकाका मूळ आमच्या जोह्याचे, कोकणातले ज्यू. त्यांच्या वडलांचा इथं तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद ठेवायचे, आता त्याच जागेत जगनचा कारखाना आहे. त्यांची सगळी माणसं इस्रायलला गेली, काका आणि दीनाकाकी तेवढे राहिले. धाटावच्या एका कंपनीत काका लॅबमध्ये होते, त्यामुळे उंदीर, बाटल्या, प्रयोग, ह्यांच्याशी जन्माची ओळख. जगननं पेणहून सकाळची गाडी धरली आणि रोह्याला जाऊन थडकला.

काकांनी चष्मा लावला, लिंक उघडली, सगळं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, हे बघ, ह्याच्यात त्यांनी बशीत ठेवलेल्या पेशींवर काहीतरी केलंय, थोडं उंदरांवर केलंय, माणसाला अजून कुणी विचारलेलंच नाही. आणि दाण्यातलं एखादं द्रव्य उपयोगी पडलं म्हणजे दाणे खाऊन दारू प्यायची मुभा मिळाली असं तर कुणीच म्हटलेलं नाही. जगन मान डोलावतोय, डोलावतोय, आणि शेवटी विचारतो काय? काका, पण पिस्ता चालंल का?

काकांचं डोकं फिरलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा साचा, तेल, अस्तर, गटारी सगळं बाहेर आलं. काका म्हणाले, “जगन, तुझा साचा एकदा तडकलाय. तडकलेल्या साच्याला तू तेल लावतोस का?” जगन म्हणाला, बारीक तडा असेल तर लावतो, वर दोन हात जास्त द्यावे लागतात. आता ह्याच्यावर काय बोलणार? धंद्याचं ज्ञान त्याला जास्त! दीनाकाकीनं तेवढ्यात आतून पिस्ते आणून हातावर ठेवले, भाच्यानं, जोनाथननं, इस्रायलहून पाठवलेले, मलिद्यासाठी, म्हणजे त्यांच्या पोह्यांच्या प्रसादासाठी राखलेले. पाहुणा आलाय, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? म्हणजे नवरा एकीकडे ओरडतोय आणि बायको दुसरीकडे अस्तराचा माल पुरवतेय. जगन पिस्ते खिशात घालून खुशीत परत निघाला. गाडी कासूला पोचायच्या आत काकांनी संध्याला फोन केला होता.

संध्या तेव्हा कारखान्यात मूर्ती तपासत होती. फोन कानाला धरून तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, बरं काका. संताप तर इतका आला की समोरची मूर्ती उचलून आपटावी. पण त्याहून जास्त तिला स्वतःची कीव आली. दीड महिना ती आपल्या हातांनी सालं काढत होती, आणि कशासाठी? तर त्याला मरायला सोपं जावं म्हणून. एका उंदरानं बदाम खाल्ले म्हणून हिनं सोलले! ती रडली. हुंदके देऊन रडली, चारशे गणपतींच्या समोर, आणि त्यातल्या एकालाही अजून डोळे नव्हते, हे एक बरं.

आता दुसरी कुणी असती तर काय केलं असतं? भांडली असती, माहेरी गेली असती, बाटल्या फोडल्या असत्या. हे सगळं संध्यानं आधी एकदा करून बघितलं होतं. फोडलेल्या बाटलीला दुसरी बाटली मिळते, हे तिला ठाऊक होतं. मग तिला आठवलं की हा माणूस डॉक्टरचं ऐकत नाही, आईचं ऐकत नव्हता, पण तिची एक गोष्ट अठरा वर्षांत त्यानं कधी मोडलेली नाही.

ती गोष्ट म्हणजे टिचकी. मूर्ती सुकली की नाही हे आमच्याकडे टिचकी मारून बघतात. ओली असली की आवाज बद्द येतो, सुकली की कसा खणखणीत. आणि जोह्यात संध्यासारखा कान नाही. ती टिचकी मारणार, मान कलती करून ऐकणार, आणि ‘सुकली’ म्हणेपर्यंत जगन त्या मूर्तीला ब्रश लावणार नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून शिव्या देऊ दे, मुंबईचा टेम्पो हॉर्न मारू दे. ओल्या मालावर रंग द्यायचा नाही म्हणजे नाही. इमान हो, धंद्याचं!

संध्याकाळी जगन घरी आला. संध्यानं त्याला चहा दिला आणि सांगितलं की काकांचा फोन आला होता. जगनचा चेहरा पडला. आता सुरू होणार म्हणून तो खाली बघत बसला. तर ही म्हणते काय? शर्ट वर करा. त्यानं घाबरून वर केला. तिनं पोटावर दोन बोटं टेकवली, एक टिचकी मारली. मान कलती केली. पुन्हा एक मारली, जरा डावीकडे.

“ओलं हाय,” ती म्हणाली. “अस्तर बसतंय, पन सुकला नाय अजून.”

आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं मुकाट्यानं शर्ट खाली केला! वाद नाही, शंका नाही. एवढंच विचारलं की किती दिवस लागतील. ती म्हणाली, पावसाळी हवा आहे, आत दमट, सांगता येत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून बदाम पुन्हा चालू, ह्या वेळी तिच्या हुकुमानं. रोज सकाळी बदाम, रोज संध्याकाळी टिचकी. रोज बद्द. कधी उजवीकडे सुकलंय पण डावीकडे ओल आहे. कधी वरचा हात सुकलाय पण खालचा कच्चा आहे. एकदा ह्यानं ताक जास्त प्यायलं तर म्हणाली, धुतलंत सगळं, आता पहिल्यापासून! गावात बातमी फुटली, लोक टिचकी बघायला यायला लागले. बाबाजी तर रोज विचारायचा, काय रे, सुकलास का?

हसायला बरं वाटतं. पण तिचं काय होत होतं? रोज टिचकी मारताना तिच्या डोक्यात एकच. आज नाही म्हणाला तर? उद्या माझ्या मागनं गेला तर? दिवस पुढे ढकलणं चाललं होतं नुसतं, आणि गटारी काही उंदरासाठी थांबणार नव्हती.

आली गटारी. दुपारपासून बांधावर मटणाचा वास. बाबाजीनं बोलावणं पाठवलं, मागोमाग स्वतःच आला, कागदात गुंडाळलेली बाटली जगनच्या हातात दिली आणि म्हणाला, आज तरी सुक. चार-पाच जण बरोबर होते, सगळे दात काढत उभे. जगन बाटली घेऊन कारखान्यात संध्याच्या पुढ्यात आला, आणि सवयीनं शर्ट वर केला.

संध्यानं हात पुसले. सकाळपासून तिनं ठरवलं होतं की ओलंच सांगायचं. पण त्या सगळ्यांकडे तिनं बघितलं, त्या बाटलीकडे बघितलं, आणि तिला एकदम थकवा आला. किती दिवस? ह्या सालची गटारी, मग पुढच्या सालची, मग त्याच्या पुढची. माणसाचं पोट म्हणजे काय मूर्ती आहे, की एकदा टेम्पोत चढली की आपण सुटलो? तिनं टिचकी मारली. ऐकलं.

“सुकलं,” ती म्हणाली.

बाबाजी आणि मंडळींनी एकच गलका केला. तिनं हात वर केला तसे गप्प झाले.

“सुकलं. जावा, प्या. पन मागल्या टायमाला टेम्पोत तुमचा डोका मांडीवर घेऊन मी गेलते. आता मी येनार नाय. माझ्यात तेवढी ताकद रायली नाय. एवढाच सांगायचा व्हता.”

जगन तसाच, एका हातात बाटली, एका हातानं शर्ट धरलेला. मग त्यानं बाटली बाबाजीच्या हातात दिली. स्वतःच्या पोटावर दोन बोटं टेकवली, आणि मारली टिचकी. मान कलती केली, अगदी तिच्यासारखी. ऐकलं.

“तुला नीट ऐकू आला नाय गो,” तो म्हणाला. “बद्द वाजतंय. अजून एक हात लागंल.”

आणि शर्ट खाली करून, मूर्तीसमोर जाऊन बसला, ब्रश उचलला आणि श्वास धरला. संध्या तोंडाला पदर लावून मागच्या दारानं बाहेर गेली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण त्याला फसवतोय. आणि हा गडी पहिल्या टिचकीपासून सगळं समजून, रोज शर्ट वर करून तिच्यासमोर उभा राहत होता, कारण त्यालाही कुणीतरी ‘आज नको’ म्हणायला हवं होतं. भीती काय एकटीलाच असते?

आता झालंय काय, की रामवाडीच्या डॉक्टरांनी परवा तपासलं आणि म्हणाले, उत्तम, स्वादुपिंड एकदम शांत आहे, काय केलंत? हा शहाणा म्हणाला, बदाम खाल्ले! झालं… अख्ख्या जोह्यात बोंब, की बदामानं जगनचं स्वादुपिंड वाचवलं. बाबाजी डबा घेऊन धावत आला, प्रमाण काय, पथ्य काय, सगळं नीट सांग. जगननं सांगितलं, रोज मूठभर, भिजवून, साल काढून, आणि पथ्य एकच, वरून दारू प्यायची नाही. बाबाजीनं डब्याचं झाकण लावलं. मग मला म्हणाला, एवढं पथ्य पाळायचं तर बदाम तरी कशाला खायचे?